दुसरा फेरा

दार ढकललं आणि ते हललं नाही.

खरं तर एवढंच झालं होतं. पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलं, टीव्हीवर दोन दिवस चाललं, इमारतीखाली मेणबत्त्या लागल्या. पण त्याच्यापुरतं जे काही झालं ते त्या एका क्षणात झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापुढे तो गुडघ्यांवर बसला होता, फटीतून येणारा धूर नाकातोंडात जात होता. डाव्या हाताने त्याने वाकडी पट्टी दाबून धरली, उजव्या हातातल्या तारेने कुलपातली एकेक पिन वर उचलली, कुलूप फिरलं, आणि सवयीने त्याने खांदा लावला. तीस वर्षं तो हा धंदा करतो आहे. शंभरातली नव्वद दारं एवढ्यावर उघडतात. माणूस कचरा टाकायला बाहेर येतो, मागे वाऱ्याने दार ओढलं जातं, किल्ली आत राहते; मग तो पायजम्यावर दुकानात येतो आणि जन्मात कुणाशी बोलला नसेल इतकं गोड बोलतो. असं नुसतं ओढलं गेलेलं दार एका फेऱ्यात उघडतं. हे उघडलं नाही. म्हणजे कुणीतरी बाहेर उभं राहून, किल्ली घालून, ती दोनदा फिरवून हे दार बंद केलं होतं. असं कुलूप आतून कुणाला उघडत नाही. आतला खटका नुसता फिरत राहतो. आणि बाहेरून तारेने उघडायचं तर पहिला फेरा सुटला की सगळ्या पिना पुन्हा खाली बसतात, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याला दुकानातून बोलावून आणणारा हवालदार मागून ओरडला, "अहो, झालं ना? मग उघडा की!" तो म्हणाला, "अजून एक आहे." हवालदाराला ते कळलं नाही, आणि नंतर आठवलंही नाही. दुसऱ्या फेऱ्याची पहिली पिन उचलताना तारेतून त्याच्या बोटांना एक धक्का लागला. मग दुसरा. कुलपाच्या पलीकडच्या अंगाला, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, कुणीतरी खटका फिरवत होतं. हळूहळू, न थांबता, दारं उघडायला नुकतंच शिकलेलं मूल फिरवतं तसं. मग ते थांबलं.

मुलगी दारालगतच पडलेली होती, सात वर्षांची. ती वाचली. तिचा भाऊ कॉटखाली सापडला. तो तीन वर्षांचा होता आणि हीटरजवळची गादी धुमसायला लागल्यावर मुलं जिथे लपतात तिथेच तो लपला होता. आई कामावर होती, औषधांच्या कारखान्यात, बाटल्यांना लेबलं लावायच्या विभागात. ती आली तेव्हा इमारतीखाली एवढी गर्दी होती की तिला वाट काढत आत यावं लागलं, आणि वाट देणाऱ्यांना माहीत नव्हतं की हीच ती.

कायदा दोनच महिन्यांपूर्वी कडक झाला होता. आधी मुलांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिने किंवा दंड असायचा, आणि बऱ्याच जणांना समज देऊनच घरी पाठवत. मग पाठोपाठ दोन-तीन प्रकरणं झाली, लोक रस्त्यावर आले, बायका कडेवर पोरं घेऊन फलक धरून उभ्या राहिल्या, आणि शिक्षा वाढली. आता मुलांना नुसतं एकटं टाकून गेलं आणि त्यात काही झालं तर दोन वर्षांपर्यंत. पण मूल कोंडलं आणि त्यात ते गेलं, तर कमीत कमी दहा. त्याच्या खाली न्यायाधीशालाही येता येत नाही. नव्या कायद्याखाली उभा राहिलेला हा पहिलाच खटला. दुकानासमोरच्या चहावाल्याकडे सकाळी पेपर वाचणारी मंडळी ठणकावून सांगायची की दहासुद्धा कमीच आहेत, अशा बाईला भर चौकात उभं करायला हवं. "काय हो किल्लीवाले, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय!" तो चहा पिऊन उठायचा. त्याला त्यांचा राग येत नसे. लहानपणी त्याच्यासाठी कुणी असा फलक धरून उभं राहिलं असतं तर त्याने त्या माणसाचे पाय धरले असते.

आई म्हणाली होती, मी दार नुसतं ओढून घेतलं. दार तर अग्निशमनवाल्यांनी नंतर बिजागरीसकट काढलं, आणि कुलूप पोलिसांनी पिशवीत घालून नेलं. पण उघडलेलं कुलूप कुणाची चुगली करत नाही. त्यात एक फेरा होता की दोन, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एकीने किल्ली फिरवली होती, आणि दुसऱ्याला ते मनगटात कळलं होतं. चौकीवर जबाब लिहून घेताना त्याला कुणी विचारलंच नाही. 'कुशल कारागिराच्या मदतीने दार उघडण्यात आले' असं लिहिलं, त्याने सही केली. विचारलं ते सरकारी वकीलबाईंनी, पुढे तीन महिन्यांनी. त्यांचं ऑफिस म्हणजे फाइलींमधून काढलेली एक पायवाट आणि तिच्या टोकाला टेबल. बाई थकलेल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळत होत्या. "काका, मला कुणाला लटकवायचं नाहीये. मला फक्त सांगा, दार नुसतं ओढलेलं होतं की कुलूप घातलेलं?" तो म्हणाला, "धूर फार होता बाई. आठवून सांगतो." त्या म्हणाल्या, "आठवा. कारण मुलगी म्हणते, दार उघडत होतं. म्हणते, मला उघडता येतं, आईने शिकवलंय, पण मी घाबरले आणि उघडलंच नाही. माझ्यामुळे भाऊ गेला म्हणते. चार वेळा विचारलं, चारही वेळा शब्द न शब्द तेच. एवढीशी पोर हो, सात वर्षांची."

त्याने टेबलाची कड धरली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला; त्यांना वाटलं, उन्हातून आलेत. तो जिना उतरला, रस्ता ओलांडला, बसच्या थांब्यावर जाऊन बसला, आणि समोरून तीन बसा गेल्या तरी उठला नाही. शब्द न शब्द तेच. कसं नसेल? पहिल्यांदा सांगताना जरा जड जातं. दुसऱ्यांदा आपल्यालाच ते दिसायला लागतं. चौथ्यांदा सांगेपर्यंत दार खरोखर उघडं असतं, त्यातून ऊन आत आलेलं असतं, आणि आपण त्या उन्हात पाय टाकून बाहेर पळालेलो असतो. हे सगळं त्याला पाठ होतं. कारण तोही सातच वर्षांचा होता.

तेव्हा ते एका खोलीत राहायचे, आई, तो आणि धाकटी बहीण ठकी. ठकी अडीच वर्षांची, बोलायला उशिरा लागलेली, प्रत्येक गोष्टीला 'दे' म्हणणारी. बाप कुठे गेला हे विचारायचं नाही हे त्याला विचारायच्या वयाआधीच कळलं होतं. आई एका खासगी दवाखान्यात फरशा पुसायची, चादरी धुवायची. जाताना ती बाहेरून कडी लावायची आणि कडीला पितळी कुलूप. ती दुष्ट नव्हती. हे त्याने आयुष्यभर स्वतःला सांगितलं आहे, आणि ते खरंही आहे. दाराशी ती दोन्ही लेकरांचे मुके घ्यायची, दूध आणि पाव झाकून ठेवायची, "तू मोठा आहेस ना माझा? बघशील ना तिला?" म्हणायची, आणि मग कुलपाचा आवाज यायचा. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. त्या दिवशी त्यावर झाकण नव्हतं, की होतं आणि ठकीने काढलं, हे त्याला कधीच कळलं नाही. तो गजांच्या खिडकीशी बसून खालच्या गल्लीतला कुत्रा बघत होता. किती वेळ? कुत्र्याने कान खाजवला, दोनदा भुंकला, सावलीत जाऊन झोपला, तेवढा वेळ. मागे वळून पाहिलं तर पाटावर चढलेले ठकीचे नुसते पाय, बाकीची ती पिंपात. त्याने ओढलं. सात वर्षांच्या पोराच्या अंगात असते तेवढी ताकद लावून ओढलं, आणि पिंप तिच्यासकट कलंडलं. मग तो दाराशी गेला. त्याने दार बडवलं, लाथा मारल्या, 'कडी काढा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडला. पण भरदुपारी त्या चाळीत कुणी नसायचं, सगळे कामाला. दार काही कागदाचं नव्हतं. शेवटी तो ठकीजवळ जाऊन बसला आणि तिचे केस पुसले.

आई आली, कुलूप काढलं, आत आली. त्यानंतर ती किती ओरडली ते त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की शेजारीपाजारी जमले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि ते पितळी कुलूप तिच्या मुठीत होतं. कुणीतरी म्हणालं, पोलीस येतायत. कुणीतरी म्हणालं, बाहेरून कोंडून जाते ही, हिला आत घालतील आता. तेव्हा त्याने उठून आईची मूठ उघडली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. कुलूप त्याने चड्डीच्या खिशात घातलं. पोलीस आला, मिशा पिकलेला, बरा माणूस, खाली बसून त्याने विचारलं, "बाळा, दार बंद होतं का रे?" आणि तो म्हणाला, "नाही. उघडंच होतं. आई म्हणाली होती तिला बघ. मी खेळायला गेलो." त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आईने त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. तिने तोंड उघडलं, मग मिटलं. पोलिसाने लिहून घेतलं. मामाने सगळ्यांदेखत त्याच्या अशी कानाखाली वाजवली की तो भिंतीवर आपटला, आणि आईने त्याला पोटाशी धरलं, पण म्हणाली काहीच नाही. तिला नुसती समज देऊन सोडलं. त्या वेळचा कायदा काढून पाहिला तर शिक्षा होती सहा महिने. सहा महिने! हे त्याला पुढे पंचविसाव्या वर्षी कळलं, एका वकिलाच्या कपाटाचं कुलूप उघडायला गेला असताना, सहज विचारलं म्हणून. तो घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. बायकोला वाटलं, पोट बिघडलं.

बायको नवी होती तेव्हा. लोकांत म्हणायची, "ह्यांना कुलपांशी बोलता येतं, माणसांशी नाही." हसून म्हणायची. पुढे हसणं गेलं. त्याला मूल नको होतं. का नको, हे तो सांगत नव्हता, आणि बायकोने देव, डॉक्टर, भांडण, अबोला असं सगळं करून पाहिलं. एकदा ती म्हणाली, "तुमच्या हातून लहानपणी चूक झाली, म्हणून माझी ओटी रिकामी ठेवायची?" तिला सासूने सांगितलं होतं. सासूने सगळ्यांना सांगितलं होतं. चेव येऊन नव्हे. उलट मायेने, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, भाजीवालीला, सोयरिकीला आलेल्यांना, डॉक्टरला. "लहान होता हो, खेळायला गेला दार उघडं टाकून. पण मी एका शब्दाने बोलले नाही." तेव्हा तरी त्याने बायकोला खरं सांगायचं. तोंडापर्यंत आलं होतं. पण आतल्या खोलीत आई खोकत होती, आणि खरं सांगायचं म्हणजे तिला भिंतीपाशी तशीच पुन्हा नेऊन बसवायचं, मुठीत कुलूप देऊन. त्याच्याने होईना. दहाव्या वर्षी वाटलं होतं पंधराव्या वर्षी सांगू, पंधराव्या वर्षी वाटलं मिसरूड फुटल्यावर सांगू. आता मिशा पिकल्या. एक्कावन्न वर्षांचा झाला. सात वजा जाता चव्वेचाळीस; सहा महिने वाचवायला त्याने चव्वेचाळीस वर्षं दिली, आणि अजून देतो आहे. मग दहा वर्षं वाचवायला ती पोर किती देईल, हा हिशेब तो बसच्या थांब्यावर बसून करत होता आणि तो काही केल्या जमत नव्हता.

दुसरी बाजू नव्हती असं नाही. खटल्याची तारीख जवळ आली तशी ती बाजू त्याच्याशी भांडायला लागली. दुकानात किल्ली घासताना, चक्राचा कर्कश आवाज चालू असताना, ती म्हणायची: अरे, ती बाई काय मजा करायला गेली होती? लेबलं लावायला गेली होती. सांभाळायला कुणी नाही, घरी थांबली तर चूल नाही. एक लेकरू गेलंच, आता दुसऱ्याची आईही काढून घेणार तू? आणि कशासाठी? तुला जे कुणी म्हणालं नाही ते तिला कुणीतरी म्हणावं म्हणून? तुझी हौस फेडायला त्या पोरीने मावशीच्या दारात वाढायचं? तो किल्ली घासत राहायचा. तो गप्प राहिला असता तर बाई दोन वर्षांत, कदाचित त्याआधीच सुटली असती. मुलगी नऊ वर्षांची झाली असती. आई आणि लेक एका ताटात जेवल्या असत्या आणि त्या ताटावर तिसरं कुणीतरी रोज बसलं असतं, ज्याच्याबद्दल दोघींनी अवाक्षर काढलं नसतं. ते कसं असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

साक्षीच्या दिवशी सकाळी तो आईचं करायला आतल्या खोलीत गेला. आई आता अंथरुणातच असते. त्याने तिचं तोंड पुसलं, उशी नीट केली, बशीत चहा ओतून फुंकून दिला. ऊन पलंगावर आलं होतं. तिचं बरं चाललेलं होतं, सगळ्यांना ओळखत होती. बशी खाली ठेवता ठेवता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, त्या दिवशी कुलूप होतं ना गं?"

"कुठल्या दिवशी?"

"ठकीच्या."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती दिसेल, निदान चाळवाचाळव तरी, असं त्याला वाटलं होतं. तिथे नुसती माया होती. गेल्या कित्येक वर्षांत तिने स्वतःसाठी ते दार इतक्या वेळा उघडं टाकलं होतं की आता तिथे कुलूप कधी नव्हतंच. "कुलूप कसलं रे? तू उघडं टाकून गेलास ना खेळायला," ती म्हणाली, आणि हात लांब करून त्याची हनुवटी धरली. "अजून तेच धरून बसलायस? सोड की आता. मी तुला कधी बोलले का? सांग बरं. एका शब्दाने तरी बोलले का?"

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही बोललीस."

त्याने तिला औषध दिलं, पांघरूण ओढलं, बायकोला लक्ष ठेवायला सांगितलं आणि घराबाहेर पडला. जिन्यावर त्याला रडू कोसळलं. मधल्या मजल्यावर बूट घालत बसलेल्या एका गृहस्थाने घाईघाईने बाजूला होऊन वाट दिली.

कोर्टाबाहेर फलक घेऊन लोक उभे होते. आत बाकावर ती मुलगी मावशीशेजारी बसली होती. केस कापलेले, नवे बूट जरा मोठे, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याला पाहिल्यावर ती मावशीचा हात सोडून सरळ त्याच्याकडे आली. "तुम्हीच दार उघडलंत ना, काका?" तो हो म्हणाला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी सगळ्यांना सांगितलंय, दार उघडत होतं. तुम्ही पण तेच सांगा हं. विसरू नका."

"पण तू खटका फिरवला होतास ना?"

ती एकदम गोरीमोरी झाली. "नाही," ती म्हणाली. "मी फिरवलाच नाही. मी घाबरले. तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर बाहेर होतात." एवढ्यात पट्टेवाल्याने पुकारा केला.

आत उभा राहिल्यावर त्याला सगळं फार उजेडाचं वाटलं. समोर न्यायाधीश, डावीकडे वकीलबाई, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ती आई, त्याने कल्पना केली होती त्याहून लहान, तिशीचीसुद्धा नसेल. ती मान खाली घालून बसली होती. मुलीचा जबाब वाचून दाखवला तेव्हाही म्हणे तिने मान वर केली नव्हती. ती मान त्याला ओळखीची होती. वकीलबाईंनी प्रश्न विचारला आणि तो म्हणाला, "कुलूप घातलेलं होतं. दोन फेरे." खोलीत सगळीकडे कागद हलल्यासारखा आवाज झाला. बचावाचे वकील उठले, उंच, आवाजात खोचकपणा. "तुम्ही फार कसबी आहात म्हणे. पण एवढा धूर, एवढी घाई, आतमध्ये मुलं, आणि तुम्ही फेरे मोजत बसला होतात?"

"मोजावे लागत नाहीत साहेब. हाताला कळतं."

"मग चौकीवर का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाही."

"आणि वकीलबाईंना म्हणालात, आठवून सांगतो. इतके दिवस आठवत होतात का?"

"नाही," तो म्हणाला. "सांगावं की नाही ते ठरत नव्हतं."

वकील हसले, त्यांना हवं ते मिळालं होतं. "म्हणजे आज तुम्ही ठरवून आला आहात! आणि ती चिमुरडी, जी आत होती, जी म्हणते दार उघडत होतं, ती खोटं बोलतेय?"

"हो साहेब. ती आईसाठी खोटं बोलतेय. लहान मुलं बोलतात. मी बोललोय." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. पण आता त्याच्याने थांबवेना. "ते दार आतून उघडणं शक्य नव्हतं. तिला नाही, मला नाही, तुम्हालाही नाही. तिची काडीची चूक नाही. हे लिहून घ्या साहेब, बाकीचं नाही लिहिलंत तरी चालेल."

तेव्हा पिंजऱ्यातली बाई उठली. पहिल्यांदाच तिने मान वर केली आणि ती त्याच्याचकडे बघत होती. तो शिव्याशापांना तयार होता. ती म्हणाली, "तिने खटका फिरवला होता का हो?"

वकील म्हणाले, बसा. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराशी बोलू नका. पण तिने कठडा धरला होता. "जिन्यात माणसं बसतात पिऊन. कुणी आत शिरू नये म्हणून मी रोज दोनदा फिरवते. तिने फिरवला का, एवढंच सांगा."

"हो," तो म्हणाला. "बराच वेळ."

पुढे तिला बाहेर न्यावं लागलं. तिचा आवाज मधल्या भिंतीतून बराच वेळ येत राहिला, आणि खाली बसलेला लेखनिक, ज्याने आयुष्यात काय काय लिहून घेतलं असेल कुणास ठाऊक, पेन ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. किल्लीवाल्याला मात्र एकच गोष्ट सुचत होती. या बाईने विचारलं. दहा वर्षं समोर उभी असताना विचारलं. त्याच्या आईला चव्वेचाळीस वर्षं मिळाली होती, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं, तू दार बडवलंस का रे, किती वेळ बडवलंस. तो कठड्याशी उभा राहिला, आणि आपल्या हाती बाकी काहीच उरलं नाही हे त्याला कळलं. ज्याची वाट पाहत होता ते मिळालं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या पदरात पडलं होतं, आणि कुणाच्या किमतीवर ते समोर दिसत होतं.

तो बाहेर आला. मुलगी दाराशीच उभी होती. आतला आवाज तिने ऐकला असणारच. "सांगितलंत?" ती म्हणाली.

आता जे म्हणायचं होतं त्या वाक्याची त्याने आयुष्यभर उजळणी केली होती. फक्त ते कुणीतरी आपल्याला म्हणेल असं वाटलं होतं, आपल्याला म्हणावं लागेल असं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "सांगितलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. तुला उघडता आलंच नसतं. तू खटका फिरवलास, फार वेळ फिरवलास, मला माहीत आहे. तुझी काही चूक नाही बाळा. आईला पण सांगितलंय."

त्याला वाटलं होतं, चेहरा सैल पडेल. खांद्यावरचं काहीतरी उतरेल, रडू येईल, मग बरं वाटेल. मुलीचा चेहरा तसाच राहिला. ती त्याच्याकडे, शाळेत एखादं चित्र मन लावून काढावं आणि बाईंनी ते न बघताच पुसून टाकावं, तशी बघत होती. मग तिने दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. तो हलला नाही. तिने पुन्हा दिला. "पण मला उघडता येत होतं," ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला. मी सांगितलं होतं." मावशी धावत आली, तिला ओढायला लागली, त्याला काहीबाही बोलली; तो बसूनच राहिला. हळूहळू मुलीचे हात खाली आले.

"मग आई आज येणार नाही?"

"नाही."

"उद्या?"

मावशी म्हणाली, "चल गं, येईल आई, चल." ती म्हणाली तसं सगळेच म्हणतात, पण त्याने नाही अशी मान हलवली. "तिला विचारू द्या," तो म्हणाला. "नाही बाळा. उद्या पण नाही."

"परवा?"

"नाही."

तिने बोटांकडे पाहिलं, आणि ती वार मोजायला लागली. सोमवार, मंगळवार, एकेक. तो एकेकाला नाही म्हणाला, आवाज न चढवता, घाई न करता, तिच्या डोळ्यांत बघून. फलकवाली माणसं पायऱ्यांवर घोषणा देत होती, निकाल लागायच्या आधीच न्याय झाला म्हणत होती. वार संपले तेव्हा तिने महिने सुरू केले, शाळेत शिकवले होते त्या क्रमाने, आणि एकेका महिन्याला तो नाही म्हणत राहिला.